जिरे सोडले, मासे कुठं गेले? खारं आणि गढूळ पाणी मत्स्यबीजाला काय करतं

मृगाचा पाऊस पडून नाले वाहू लागले की बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत मत्स्यबीजाची घाई सुरू होते. तलावाचे गुत्तेदार, मच्छीमार सोसायट्या, शेततळ्यात मासे पाळणारे शेतकरी, सगळ्यांना बी एकाच वेळी हवं असतं. कर्नाटकात तुंगभद्रा धरण आणि भद्रा प्रकल्प इथली सरकारी बीज केंद्रं जुनी आहेत. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या भोवती खासगी हॅचऱ्यांचं मोठं जाळं आहे. कुठूनही आणलं तरी ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिक पिशव्यांतून शेकडो किलोमीटरचा प्रवास होतोच. गाडी तलावाच्या बांधावर येते, पिशव्या फोडल्या जातात आणि काम झालं असं समजून माणसं घरी जातात.

चार-सहा महिन्यांनी जाळं टाकलं की हिशोब लागत नाही. लाखाने सोडलेलं बी शेकड्यानेही हाती लागत नाही. मग भांडण ठरलेलं, 'बी बोगस होतं'. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा बी चांगलं असतं आणि ज्या पाण्यात ते सोडलं त्या पाण्यानेच ते मारलेलं असतं. पाण्यावर केस करता येत नाही, म्हणून त्याचं नाव कोणी घेत नाही.

या भागात लोकांना भीती असते ती खाऱ्या पाण्याची. 'आमच्या बोअरचं पाणी सवळ आहे, मासे जगतील का?' हा नेहमीचा प्रश्न. गढूळ पाण्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही, कारण पावसाळ्यात तलाव गढूळ असणारच. प्रत्यक्षात बीदर-कलबुर्गीत चिंता उलटी हवी. इथल्या बहुतेक पाण्यात मीठ एकट्याने बीज मारण्याइतकं नसतं, गाळ मात्र दरवर्षी मारतो. आणि दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात अचानक पडलेली उडी.

आधी शब्द नीट समजून घ्या

अंड्यातून बाहेर पडून तीनेक दिवस झालेलं, ६ ते ८ मिलिमीटर लांबीचं पिल्लू म्हणजे जिरे. ते खरोखर जिऱ्याएवढंच दिसतं. पंधरा-वीस दिवसांत ते २० ते २५ मिलिमीटरचं होतं, त्याला बीज म्हणतात. दोन-तीन महिन्यांनी ८० ते १०० मिलिमीटरची, माणसाच्या बोटाएवढी होते ती बोटुकली. कानडीत बोलताना यातल्या कशालाही सरसकट 'मीनु मरी' म्हटलं जातं. सीमेवरच्या व्यवहारात गोंधळ इथंच होतो. घेणाऱ्याच्या मनात बोटुकली असते आणि पिशवीत बीज येतं. म्हणून सौदा करताना नाव सोडा, मिलिमीटरमध्ये माप विचारा.

हे बी मुळात माणसाने तयार केलेलं. कटला, रोहू, मृगळ हे मासे नदीच्या पुरात अंडी घालतात, तळ्यात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली. तोच दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आजच्या सगळ्या हॅचऱ्या त्याच वाटेने आल्या. हॅचरीतलं पिल्लू गाळलेल्या, वाहत्या, भरपूर हवा असलेल्या पाण्यात जन्मतं. पहिले तीन दिवस ते पोटाच्या पिशवीतल्या अन्नावर जगतं. थोडक्यात, लाडात वाढलेलं असतं. त्यानंतर ते थेट आपल्या तलावात येतं.

काळ्या मातीचं पाणी

बीदर शहर ज्या पठारावर आहे ते जांभ्या दगडाचं. त्यातून झिरपलेलं पाणी नितळ असतं. नौबादजवळची बहमनी काळातली सुरंग बावडी याच जांभ्यावर उभी आहे. पण भालकी, औराद, आळंद, अफजलपूर या बाजूला काळी माती सुरू होते आणि पाण्याचा रंगच बदलतो. मांजरा महाराष्ट्रातून येते ती बीड-लातूरची माती घेऊन. भीमेला हत्तरसंग-कुडलला, जिथं मराठीतला जुना शिलालेख आहे, तिथं सीना मिळते आणि दोघींचं पाणी पुढं अफजलपूरकडे येतं. ऑक्टोबर २०२० च्या भीमेच्या पुरात ज्यांनी नदीकाठी घरं-शेतं पाहिली, त्यांना पाणी ओसरल्यावर मागं राहिलेला चिखल आठवत असेल.

काळ्या मातीतला मुख्य चिकणखनिजाचा गट स्मेक्टाइट, त्यात मॉन्टमोरिलोनाइट हा नेहमीचा. याचे कण इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात, एकत्र येऊन जड होत नाहीत आणि तळाला बसत नाहीत. रेती काही मिनिटांत बसते, पोयटा काही तासांत, हा चिकण गाळ मात्र आठवडे तरंगत राहतो. दसरा झाला तरी काही तलाव चहाच्या रंगाचेच राहतात, त्याचं कारण हे.

आता याने मासा मरतो का? मोठा मासा सहसा नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ जातींचे मासे याच मॉन्टमोरिलोनाइट मातीच्या पाण्यात ठेवले होते. लिटरला १०० ग्रॅम माती असूनही बहुतेक मासे आठवडाभर जगले. मरण आलं ते १७५ ग्रॅमच्या पुढं. इतकं दाट पाणी म्हणजे जवळजवळ पातळ चिखलच झाला, आपल्या तलावात ते होत नाही. 'गढूळ पाण्याने काय होतंय' असं म्हणणाऱ्या जुन्या भोई-कोळी मंडळींचा अनुभव खोटा नाही. तो मोठ्या माशाचा अनुभव आहे.

पण त्याच ओक्लाहोमात १९५६ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात शेततळ्यांचं उत्पादन मोजलं गेलं. ज्या तळ्यांत लिटरला २५ मिलिग्रॅमपेक्षा कमी गाळ होता, त्यांत एकरी सुमारे १६१ पौंड मासे निघाले. १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गाळ असलेल्या तळ्यांत जेमतेम २९ पौंड. मासे वेगळ्या जातीचे होते, हवामान वेगळं होतं, हे खरं. तरी लिटरला ग्रॅमचा दहावा भाग माती, जी पाहून आपण 'थोडं गढूळ आहे' म्हणू, तेवढ्यात उत्पन्न पाच पटीहून जास्त घटतं. मासे तडफडून मरत नाहीत, ते तयारच होत नाहीत. हिशोबाच्या भाषेत हा वहीत न दिसणारा तोटा.

याचं कारण खाण्यात आहे. जिरे पहिल्यांदा तोंड उघडतात तेव्हा त्यांना लागतात पाण्यातले सूक्ष्म जीव, आधी रोटिफर, मग मोइना आणि डॅफ्नियासारखे पाणपिसू. हे जीव जगतात हिरव्या शेवाळावर आणि शेवाळ जगतं उन्हावर. गाळाने ऊन अडवलं की साखळी पहिल्याच कडीला तुटते. डॅफ्निया पाणी गाळून खातो, त्याच्या पोटातही मातीच जाते. जिरे भक्ष्य पाहून पकडतात, गढूळ पाण्यात त्यांना ते दिसत नाही. पोटातली शिदोरी तिसऱ्या दिवशी संपलेली असते. पुढच्या चार-पाच दिवसांत खायला मिळालं नाही तर खेळ संपतो.

शिवाय श्वासाचा प्रश्न. अगदी लहान पिल्लू आधी कातडीतून प्राणवायू घेतं, कल्ले नंतर कामाला लागतात. नाजूक कल्ल्यांवर चिकण माती बसली की तिला झटकायला शरीर चिकट स्राव सोडतं, तो स्राव आणि माती मिळून लेप होतो. पिल्लू वर येऊन तोंड उघडझाप करतं. पाहणाऱ्याला वाटतं पाण्यात ऑक्सिजन कमी आहे, म्हणून तो पंप लावतो, आणि पंप तळाचा गाळ आणखी वर काढतो.

मेलेली जिरे कोणाला दिसत नाहीत, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मोठा मासा फुगून वर येतो, बोंब होते. जिऱ्याएवढं पिल्लू तळाला जातं आणि एका रात्रीत पाणकिडे त्याचा फडशा पाडतात. चांगल्या सांभाळात जिऱ्यांपासून बीज होईपर्यंत निम्म्याच्या आसपास वाचले तर तो यशस्वी हंगाम मानतात. समजा, लाखात ४० हजार वाचायला हवे होते आणि गढूळ पाण्यात ५ हजारच वाचले. बियाण्याचा खर्च प्रत्येक वाचलेल्या पिल्लामागे आठपट झाला. गुत्त्याची रक्कम आणि वर्ष गेलं ते वेगळंच.

गढूळ पाण्याचा एक फायदाही सांगायला हवा. मरळसारख्या शिकारी माशालाही त्यात कमी दिसतं, त्यामुळे थोड्या मोठ्या बीजाला आडोसा मिळतो. पण हा आडोसा पोट भरलेल्या पिल्लाच्याच कामाचा.

मीठ किती म्हणजे जास्त?

मीठ मोजायला मोठं यंत्र लागत नाही. घरोघरी आरओ मशीन विकणाऱ्यांकडे असतो तो टीडीएस मीटर पुरतो. त्यावर १००० आकडा आला म्हणजे लिटरला साधारण १ ग्रॅम क्षार. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम असतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला ८-९ ग्रॅम मिठाएवढे क्षार असतात, आणि या आकड्यातच सगळं गणित आहे.

बाहेरचं पाणी रक्तापेक्षा पातळ असतं तोवर पाणी आपोआप माशाच्या शरीरात घुसतं. मासा भरपूर पातळ लघवी करून ते बाहेर टाकतो आणि गेलेलं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींनी परत ओढतो. बाहेरचं मीठ रक्ताच्या जवळ आलं की ही यंत्रणा अडखळते, पुढं गेलं की मासा पाण्यात राहून कोरडा पडायला लागतो. कटला, रोहू, मृगळ यांच्या बीजाला लिटरला २ ग्रॅमपर्यंत फारसा फरक पडत नाही. ४-५ ग्रॅमच्या पुढं वाढ मंदावते, मरतूक वाढते. ८ ते १० च्या आसपास बोटुकलीही टिकत नाही. सायप्रिनस थोडं जास्त सोसतो, चिलापी तर पुष्कळच.

हॅचरीवाल्याला यापेक्षा कडक राहावं लागतं. या माशांच्या शुक्राणूंना जाग येते ती पातळ पाण्याचा स्पर्श झाल्यावर, आणि त्यांची धावपळ एखाद्या मिनिटाचीच असते. पाणी खारट असेल तर ते नीट जागेच होत नाहीत आणि अंडी फळत नाहीत. फळलेलं अंडंही पाणी पिऊन नीट फुगत नाही.

आपल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस १००० ते २००० आला तर पिणाऱ्याने काळजी करावी, बोटुकलीने नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा वेगळा, हरियाणातल्या रोहतककडची खारी जमीन त्याहून वेगळी. तिथं केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने लाहली इथं खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवून दाखवली. बीदरची परिस्थिती तशी नाही.

उलट थोडं मीठ औषधी आहे. बी आणताना पिशवीच्या पाण्यात लिटरला २-३ ग्रॅम साधं मीठ टाकतात, त्याने प्रवासाचा ताण कमी होतो. पाण्यात नायट्राइट वाढलं तर मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

मग खारट पाण्यात मासे मरतात ते कुठं? अस्तर टाकलेल्या शेततळ्यात. कर्नाटकात कृषी भाग्य योजनेतून आणि महाराष्ट्रात मागेल त्याला शेततळे योजनेतून अशी तळी गावोगाव झाली. प्लास्टिकमुळे तळाचा गाळ नाही, पण मिठाला बाहेर जायला वाटही नाही. ऊन पाणी नेतं, मीठ ठेवतं. समजा, दोन मीटर खोल तळ्यात २ ग्रॅमचं पाणी आहे आणि फेब्रुवारी ते मे एक मीटर पाणी उडालं. वरून काहीच सोडलं नाही तर मीठ ४ ग्रॅमवर गेलं. तेच बोअरचं पाणी टाकून तळं भरत राहिलात तरी ३ वर गेलं. दुसऱ्या वर्षी तळं रिकामं न करता पुन्हा तसंच केलं तर आकडा आणखी चढतो. जूनमध्ये नवं बी सोडण्याआधी मीटर बुडवून पाहणं म्हणूनच गरजेचं.

बोअरच्या पाण्यात दुसरा धोका सामूचा. असं पाणी बहुतेक वेळा अल्कधर्मी असतं. शहाबाद-सेडमकडे खाली चुनखडीच आहे. दुपारी शेवाळ जोरात असताना सामू ९ वर गेला तर पाण्यातल्या अमोनियाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग विषारी रूपात जातो. सामू ८ असताना तोच भाग शेकडा ५ च्या आसपास असतो. पिल्लं मेली की दोष खारेपणाला दिला जातो, करणी अमोनियाची असते.

मीठ आणि माती भेटतात तेव्हा

काही तलावांत पाणी मचूळ असूनही नितळ दिसतं, आणि शेजारच्याच तलावात चवीला गोड पाणी कधीच निवळत नाही. क्षार जास्त असले, त्यातही कॅल्शियम असला, की मातीच्या कणांवरचा भार दबतो, कण एकत्र येतात आणि खाली बसतात. तुरटी फिरवून पाणी निवळतं ते याच तत्त्वावर. सोडियम जास्त आणि एकूण क्षार कमी असले की उलट होतं. कण सुटे होतात आणि सुटेच राहतात. चोपण जमिनीवर पाऊस पडल्यावर साचलेलं पाणी दुधाळ-तपकिरी दिसतं, ते हेच.

म्हणून उन्हाळ्यात निवळ असलेलं खारवट तळं पहिल्या मोठ्या पावसानंतर एकाएकी गढूळ होऊ शकतं. मीठ पातळ झालं, पण सोडियम मातीला चिकटूनच राहिला. एका रात्रीत पाण्याचा खारेपणा उतरला, तापमान उतरलं आणि गाळ चढला. त्याच सकाळी बी घेऊन गाडी आली, तर पिल्लांना तिन्ही धक्के एकदम बसतात.

मग करायचं काय

थांबता येत नाही, ही अडचण खरी आहे. हंगामी तलावात पाणी सहा ते नऊ महिने. सप्टेंबरपर्यंत वाट पाहिली तर मासा किलोचा व्हायला वेळ उरत नाही. म्हणून वाट पाहायची ती तलावाने, बियाने नाही. जुलैमध्ये जिरे किंवा बीज आणून ते स्वच्छ पाण्याच्या लहान तळ्यात, नाही तर मच्छरदाणीच्या कापडाच्या हाप्यात वाढवायचं आणि तलाव निवळायला लागला की बोटुकली करून सोडायचं. भालकी तालुक्यातल्या ब्यालहळ्ळीच्या कारंजा धरणासारख्या ७.६९ टीएमसीच्या जलाशयात तर दुसरा मार्गच नाही. तिथं जिरे सोडणं म्हणजे पैसे पाण्यात सोडणं. जलाशयात १०० मिलिमीटरची बोटुकलीच टिकते, शिकारी माशांपासूनही. बोटुकली महाग वाटते कारण जिऱ्यांचा भाव लाखावर आणि तिचा हजारावर सांगतात. जाळ्यात आलेल्या माशावर भाग देऊन पाहिलं की स्वस्त कोण ते कळतं.

गाळ मोजायला डब्याचं २० सेंटिमीटर व्यासाचं गोल झाकण घ्या. चार भाग करून आळीपाळीने काळा-पांढरा रंग द्या आणि मधोमध दोरी बांधून पाण्यात सोडा. २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनासं झालं तर पाणी चांगलं. २० च्या आतच गायब झालं आणि रंग तपकिरी असेल तर जिरे सोडू नका. रंग हिरवा असेल तर तो गाळ नाही, शेवाळ आहे, त्याचा विचार वेगळा. शंका असेल तर काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवावं. सकाळीही तसंच तपकिरी राहिलं तर तो न बसणारा चिकण गाळ.

लहान तळं निवळवता येतं. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं ४० मिलिलिटर २० लिटर तळ्याच्या पाण्याच्या बादलीत घाला. ही मात्रा लिटरला २० मिलिग्रॅम. तासाभरात गाळ गोळा होऊन बसू लागला तर एक एकर, एक मीटर खोल तळ्याला सुमारे ८० किलो लागेल. जिप्समचा प्रयोग लिटरला २०० मिलिग्रॅमपासून करतात, तेवढ्याच तळ्याला ८०० किलो. तुरटीने सामू उतरतो, जिप्समने फारसा नाही. दोन्ही बी सोडण्याच्या आठवडाभर आधी, नंतर नाही. म्हशी लोळणारा उथळ तलाव असेल तर तुरटीचे पैसे वाया. सायप्रिनसची संख्याही तिथं कमी ठेवावी, तो तळाची माती उकरून खातो आणि पाणी स्वतःच गढूळ करतो.

गाडी आल्यावर घाई नको. बंद पिशवी १५-२० मिनिटं तलावात तरंगत ठेवली की तापमान जुळतं. मग तोंड उघडून पिशवीत थोडं थोडं तलावाचं पाणी घालायचं. दोन्ही पाण्यांच्या टीडीएसमध्ये हजाराहून जास्त फरक असेल तर याला तासभर द्यावा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडावं, दुपारी नाही.

आणि गाडी यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पुरवठादाराकडून शे-पन्नास पिल्लं आधी मागवता आली तर ती तलावातच एका हाप्यात २४ तास ठेवून मोजावीत. सगळी जिवंत निघाली तर पाणी त्या दिवसापुरतं तरी ठीक आहे. निम्मी मेली तर गाडी थांबवावी. पुढं वाद झालाच, तर बी खराब की पाणी, याचा निदान काही पुरावा हातात राहतो. त्याच दिवशी टीडीएस, सामू आणि झाकणाची खोली वहीत तारखेसह लिहून ठेवावी, आणि पुरवठादाराची सही मिळाली तर तीही त्याच पानावर घ्यावी.